पैसे आपले, किल्ली कोणाची?

(उलवे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





त्या दिवशी सभागृहात जे बोललो तेच स्मरणिकेत छापावे, असे संपादक मंडळाने ठरविले आहे. त्यामुळे जे मेळाव्यास येऊ शकले नाहीत, तेही आता माझे श्रोते झाले आहेत. त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी येथे थोड्या अधिक उलगडून लिहिल्या आहेत.

विषयाचे नाव ऐकताच पुढल्या रांगेतील काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. एकांनी तर चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन विचारलेच, "सर, पोरे आधीच मोबाइलमध्ये बुडाली आहेत, आणि तुम्ही व्हिडिओ गेम विकत कसे घ्यावेत हे शिकवायला निघालात?" त्यांचा राग मला समजतो. मी बी.ए., बी.एड. झालेला इतिहासाचा शिक्षक आहे, संगणकाचा पंडित नव्हे. परंतु मुले खेळणारच आहेत, आणि त्यासाठी पैसा आपल्या घरातूनच जाणार आहे. घरात तांदूळ आणताना आपण दाणा दाताखाली चावून पाहतो. खेळासाठी हजार रुपये मोजताना मात्र आपण काय विकत घेतले, किंबहुना काही विकत घेतले की नाही, एवढेही पाहत नाही. मला बोलावयाचे आहे ते एवढ्याच बाबतीत.

उलव्यात राहणाऱ्या माणसाला 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तुमच्यापैकी कित्येकजण याच करारावर येथे राहत आहात, मीही राहतो. अकरा महिन्यांची मुदत, अनामत रक्कम, एजंटाची दलाली, पोलीस पडताळणी. त्या करारनाम्यात आपण दरमहा देतो त्या रकमेला भाडे म्हणण्याऐवजी 'लायसन्स फी' म्हटलेले असते. म्हणजे आपल्याला मिळतो तो राहण्याचा परवाना, घर मिळत नाही. खिळा ठोकायचा तरी विचारावे लागते. मुदत संपली आणि मालकाच्या मनात आले, की सामान टेम्पोत भरावे लागते. हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण फसत नाही. घर विकत घ्यायचे झाले तर आपण वेगळे कागद मागतो.

आता संगणकावरील खेळांच्या दुकानात जाऊ. ही दुकाने इंटरनेटवर आहेत. त्यातले सर्वांत मोठे स्टीम, व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेले. तेथे खेळाच्या चित्राशेजारी किंमत असते आणि तो आपल्या टोपलीत टाकावयाचे बटण असते. मुलगा बटण दाबतो, वडिलांच्या खात्यातून पैसे जातात, आणि मुलगा म्हणतो, "मी गेम विकत घेतला." कराराच्या बारीक अक्षरांत मात्र तोच शब्द आहे, लायसन्स. २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीमने पैसे भरण्याच्या पानावरच एक ओळ दाखवावयास सुरुवात केली, की या व्यवहारात ग्राहकाला त्या डिजिटल वस्तूचा परवाना मिळतो. याला निमित्त झाले ते अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे. तेथे २०२४ मध्ये एक कायदा झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. ग्राहकाला केवळ परवाना देत असाल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरू नका, असे तो विक्रेत्यांना बजावतो. इतकी वर्षे लोक भाड्याच्या घराला स्वतःचे घर समजत होते, असाच याचा अर्थ नाही का?

परवाना कागदावर असतो, पण तो अमलात आणतो तो एक पहारेकरी. इंग्रजीत त्याला डीआरएम म्हणतात, मी त्याला डिजिटल कुलूप म्हणतो. खेळ आपल्या संगणकात उतरलेला असला, तरी तो उघडण्यापूर्वी कंपनीच्या दूरच्या संगणकाला विचारतो, "या माणसाची परवानगी आहे का?" तिकडून होकार आला तर खेळ उघडतो. प्रत्येक खेळात हे सारखेच असते असे नाही. कुठे एकदाच विचारतात, कुठे दर वेळी. कुठे किती वेळा खेळ बसवायचा याची मोजणी असते. २००८ साली आलेल्या स्पोअर या खेळात विकत घेणाऱ्याला प्रथम फक्त तीनदा सक्रिय करण्याची मुभा होती. संगणक बिघडला, नवा घेतला, पुन्हा बिघडला, की झाले. लोकांनी आरडाओरडा केल्यावर तिनाचे पाच झाले. आणि गंमत अशी, की ज्यांनी चोरून घेतला त्यांना हे कुलूप भेटलेच नाही. त्यांच्या प्रतीतून ते कोणीतरी आधीच काढून टाकलेले होते. ताप झाला तो पैसे मोजणाऱ्यालाच.

कुलूप ही काही नवी गोष्ट नव्हे. माझ्या वयाच्या शिक्षकांना 'प्रिन्स' आठवत असेल. शाळेच्या संगणक कक्षात बाई बाहेर गेल्या की आम्ही तोच उघडत असू. प्रिन्स ऑफ पर्शिया हा खेळ जॉर्डन मेक्नर या तरुणाने १९८९ मध्ये केला. त्यात पहिली पातळी ओलांडली की एक खोली लागते. तेथे अक्षरांखाली औषधाच्या बाटल्या मांडलेल्या असतात, आणि पडद्यावर हुकूम येतो: पुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचे पहिले अक्षर पाहा आणि तीच बाटली प्या. चुकीची प्यायलात की ताकद घटली. आमच्याकडे पुस्तिका कुठली? आमची फ्लॉपीच नकलेची नक्कल होती. मोठ्या वर्गातल्या मुलांनी वहीच्या पानावर सगळ्या अक्षरांचा तक्ता करून ठेवला होता आणि तो पिढीजात मालमत्तेसारखा खालच्या वर्गाकडे येत असे.

आज विचार करतो तेव्हा वाटते, ते कुलूप त्यातल्या त्यात सभ्य होते. ज्याने डबा विकत घेतला त्याच्या हातात पुस्तिका होती, आणि तीच किल्ली. ती घेऊन तो वीस वर्षांनीही दार उघडू शकत होता, कोणाची परवानगी लागत नव्हती. याच मेक्नरची पुढची हकीकत इतिहासाच्या शिक्षकाला मोहात पाडणारी आहे. खेळाचा मूळ आज्ञासंग्रह हरवला असे तो समजत होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या जुन्या सामानात फ्लॉपींचा खोका सापडला. जाणकारांनी त्या जपून वाचल्या, आणि मेक्नरने तो संग्रह सर्वांना पाहता यावा म्हणून इंटरनेटवर ठेवला. वीस वर्षांहून अधिक काळ धूळ खात पडलेली वस्तू वाचली, कारण ती कोणाच्या तरी घरात, हाताला लागेल अशी पडून होती.

आता किल्ली कंपनीकडे राहिली तर काय होते ते पाहा. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ मध्ये द क्रू नावाचा मोटारशर्यतीचा खेळ विकावयास काढला. लोकांनी पूर्ण किंमत देऊन घेतला. एकट्याने खेळावयाचे असले तरी कंपनीच्या संगणकाशी जोडलेले राहणे त्यात सक्तीचे होते. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने तो संगणक बंद केला आणि जगभर विकलेल्या सर्व प्रती एका दिवसात निरुपयोगी झाल्या. मागाहून कित्येकांच्या खात्यातून तो परवानाही काढून घेण्यात आला. यातूनच एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट याने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ सुरू केली. विकलेला खेळ बंद करताना तो निदान खेळता येईल अशा स्थितीत सोडा, एवढेच तिचे मागणे. युरोपीय संघाकडे दाद मागणाऱ्या तिच्या अर्जावरील सह्यांनी जुलै २०२५ मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडला.

फ्रान्स आणि अमेरिका लांब राहिले. आपल्या गल्लीत काय झाले? २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर. देशाच्या सुरक्षेचा तो निर्णय होता. तो योग्य की अयोग्य यात मी शिरत नाही. त्याचे एक टोक मात्र माझ्या वर्गापर्यंत येऊन पोहोचले. फ्री फायर बंद झाल्यानंतरच्या आठवड्यात आठवीतील एक मुलगा मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. डोळे भरलेले. म्हणाला, "सर, माझे सगळे कपडे गेले." आम्हाला वाटले याच्या घरी चोरी झाली. मग कळले, की खेळातल्या बाहुल्याला घातलेले कपडे, ज्यासाठी खेळातले 'डायमंड' विकत घ्यावे लागतात, ते. खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळी घरी जाताना लक्षात आले, की कपडे खोटे होते, पण त्याने त्यात घातलेली दोन वर्षांची ईदी खरी होती. मामूने दिलेले पाचशे, दादीने रुमालाच्या गाठीतून काढून दिलेले शंभर, खालाने पाठवलेले हजार. त्या दिवशी हसलो याची मला आजही लाज वाटते.

अशा खेळांबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जे खेळ फुकट मिळतात आणि आत गेल्यावर कपडे, नाणी, बंदुका विकतात, त्यांत विकत घेतलेली वस्तू कधीही आपल्या हातात येत नाही. पबजीचे भारतीय रूप २०२१ मध्ये आले तेव्हा जुन्या खात्यातील वस्तू नव्यात नेण्याची मुभा मिळाली खरी, तीही ठराविक मुदतीपुरती. देणाऱ्याची मर्जी म्हणून मिळाली. हक्क म्हणून नव्हे.

आपल्या समाजातील कितीतरी घरांतून कोणी ना कोणी जहाजावर आहे. अशाच एका पालकांची ही हकीकत, त्यांच्या परवानगीने सांगतो. सहा-सात महिन्यांच्या सफरीला निघताना मुलाने त्यांच्या लॅपटॉपवर मोठ्या प्रेमाने तीन खेळ घालून दिले. रात्रीची पाळी संपल्यावर अब्बांना विरंगुळा व्हावा, ही त्याची इच्छा. भर समुद्रात त्यांनी लॅपटॉप उघडला तर दोन खेळ म्हणाले, आधी इंटरनेट जोडा. जहाजावर मोजके इंटरनेट. घरी दोन शब्द बोलायला पुरले तरी नशीब. तिसरा एक जुना, बुद्धिबळासारखा डावपेचांचा खेळ होता. तो निमूटपणे उघडला आणि पुढचे सहा महिने त्यांना सोबत करीत राहिला. परत आल्यावर त्यांनी मला विचारले, "सर, तिन्हींचे पैसे दिले होते. मग हा एकच माझा कसा?" हे भाषण त्या प्रश्नातून निघाले आहे. तिसऱ्या खेळाला कुलूप नव्हते, एवढेच त्याचे उत्तर.

कुलूप नसलेले खेळ विकणारे कोण? यातले सर्वांत मोठे दुकान जीओजी, म्हणजे मूळचे 'गुड ओल्ड गेम्स'. त्याचा जन्म पोलंडमधला आहे, आणि ती गोष्ट ऐकताना मला आपला लॅमिंग्टन रोड आठवतो. १९९० च्या सुमारास पोलंडमध्ये आज्ञावलींच्या नकला उघड बाजारात विकल्या जात. मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की हे दोघे शाळासोबती वॉर्साच्या बाजारात खेळांची देवघेव करीत मोठे झाले आणि १९९४ मध्ये त्यांनी सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली. शेजारच्या फळकुटावर तोच खेळ नकलेच्या रूपात कवडीमोलाने मिळत असताना अस्सल कोण घेणार? १९९९ मध्ये बाल्डर्स गेट हा मोठा खेळ आणताना त्यांनी तो पोलिश भाषेत आणला, नामांकित नटांचे आवाज दिले, डब्यात नकाशा आणि जाड पुस्तिका घातली. कुलूप मोठे करण्याऐवजी त्यांनी वस्तू मोठी केली. आणि लोकांनी ती विकत घेतली. पुढे २००८ मध्ये याच मंडळींनी जीओजी सुरू केले. तेथे खेळ घेतला की 'ऑफलाइन इन्स्टॉलर' नावाच्या फाइली मिळतात. त्या उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर ठेवा, इंटरनेट काढून टाका, खेळ तरीही बसतो आणि चालतो.

कोणी म्हणेल, असे दुकान बुडेल. त्यांच्याच विचर मालिकेतला तिसरा खेळ २०१५ मध्ये आला. जीओजीवर तो पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा होता, म्हणजे ज्याला नक्कल करायची त्याला काहीच अडचण नव्हती. सर्व यंत्रांवर आणि सर्व दुकानांतून मिळून त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले. (पालकांनी नोंद घ्यावी: हा खेळ प्रौढांसाठी आहे. कुलूप नाही याचा अर्थ आठवीच्या मुलाला चालेल असा नव्हे. खेळाच्या पानावर वयाची खूण असते, ती आधी पाहावी.) लहान रचनाकारांचे खेळ इच डॉट आयओ या ठिकाणी मिळतात. २०१३ पासून ते चालू आहे आणि तेथील बहुतेक खेळ बिनकुलपाचे असतात. स्टीमवरही काही खेळ असे आहेत की एकदा उतरवले की दुकानाशिवाय चालतात, परंतु ते ओळखणे नवख्याला अवघड जाते.

आता एक कबुली. आमच्या संगणक कक्षासाठी काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून गणित आणि इंग्रजीच्या शैक्षणिक खेळांचा एक संच घेण्यात आला. किंमत अठरा हजार. खरेदीच्या कागदावर शिफारस म्हणून सही माझी होती. विक्रेत्याने सुंदर प्रात्यक्षिक दाखविले, मुले खूश झाली, मीही. दरवर्षी जूनमध्ये तो संच कंपनीकडून नव्याने सक्रिय करून घ्यावा लागतो, हे मी वाचले होते, पण त्याचा अर्थ मनात उतरला नव्हता. तिसऱ्या जूनमध्ये संच उघडेना. फोन लागेना. पत्र परत आले. ती कंपनी राहिलीच नव्हती. तबकड्या धडधाकट, संगणक धडधाकट, आणि पडद्यावर एकच वाक्य: परवाना तपासता येत नाही. ते डबे अजून कपाटात आहेत. टाकून द्यायला हात होत नाही, कारण ते पैसे गोदीत आणि आखातात घाम गाळलेल्या मुलांनी पाठविलेले होते. व्यवस्थापनाने मला एका शब्दाने दुखविले नाही. त्यामुळे ते अधिकच लागले.

त्यानंतर आम्ही जीकाँप्री बसविले. २००० साली ब्रुनो कुदोँ या फ्रेंच माणसाने लहान मुलांसाठी सुरू केलेला हा खेळांचा संग्रह आहे. नावाचा उच्चार फ्रेंच भाषेतील 'मला समजले' या शब्दांसारखा होतो. त्यात अंक, अक्षरे, घड्याळ, नकाशे, बुद्धिबळ असे शंभराहून अधिक खेळ आहेत. तो मोफत आहे, मुक्त आहे आणि त्याला कुलूप नाही. एकदा पेनड्राइव्हवर आणला आणि बारा संगणकांवर बसविला. जून येतो आणि जातो, तो चालूच असतो.

मेळाव्यात नववीच्या एका मुलाने हात वर करून जो प्रश्न विचारला, तो या विषयाचा खरा कस आहे. तो म्हणाला, "सर, कुलूप नसेल तर मी माझ्या मित्राला कॉपी देऊ शकतो. दिली तर बिघडले कुठे?" सभागृहात हशा झाला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

मी त्याला आधी स्वतःबद्दल सांगितले. बी.ए.ला असताना मी वसतिगृहात तीस रुपयांना तबकड्या कोरून देत असे. ज्या खेळांसाठी कोणीतरी चार-चार वर्षे राबले होते, त्यांच्या नकला मी चहा-बिस्किटाच्या खर्चासाठी विकत होतो, आणि त्यात काही चुकते आहे असे मला वाटत नव्हते. सगळेच करीत होते. म्हणून तुम्हाला शहाणपण शिकविण्याचा माझा अधिकार फार मोठा नाही. पण कायदा काय म्हणतो ते तरी माहीत असू द्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, ज्याच्याकडे संगणक-आज्ञावलीची प्रत कायदेशीररीत्या आहे, त्याला ती हरवू वा बिघडू नये म्हणून राखीव प्रत करून ठेवता येते. हा आपला हक्क आहे. त्याच कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे, नक्कल आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. तेव्हा "कुलूप वाईट, म्हणून तोडले" हा युक्तिवाद उपयोगाचा नाही. कुलूप नको असेल तर बिनकुलपाचे घ्या.

आणि मित्राचे काय? कुलूप न लावता वस्तू आपल्या हाती देणाऱ्याने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. आपल्याकडे त्याला अमानत म्हणतात. दार उघडे आहे म्हणून शेजाऱ्याच्या घरातले भांडे कोणी उचलून नेत नाही. मी त्या मुलाला म्हणालो, मित्राला घरी बोलाव, शेजारी बसव, आळीपाळीने खेळा. तो म्हणाला, "सर, त्याचे घर खारकोपरला आहे आणि अम्मी संध्याकाळी सोडत नाही." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

एक प्रश्न एका वकील पालकांनी विचारला, तो मला सुचलाही नव्हता. माणूस गेल्यावर त्याच्या खेळांचे काय होते? घर, जमीन, दागिने, अगदी पुस्तकांचे कपाटदेखील वारसांत वाटले जाते. स्टीमच्या करारात मात्र खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही असे कलम आहे. भाडेकरूचा परवाना त्याच्याबरोबर संपतो. कायद्याच्या भाषेत पाहिले तर जीओजीही आपल्याला परवानाच देते, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फरक असा, की फाइली आपल्या कपाटात असतात आणि त्या उघडण्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही.

बिनकुलपाच्या खेळांच्या मर्यादाही ऐकून ठेवा. दूरच्या मित्रांशी इंटरनेटवर खेळावयाचे खेळ कोणाच्या तरी संगणकावर अवलंबून राहणारच. नवे मोठे खेळ बहुधा कुलपासहच येतात, आणि आले तरी ते उशिरा बिनकुलपाचे होतात किंवा होतच नाहीत. मुलगा क्रिकेटचा वा फुटबॉलचा ताजा खेळ मागत असेल तर त्याला तेथे तो मिळेलच असे नाही. हट्ट होईल, तयारी ठेवा. दुकानातून डबा आणला म्हणजे वस्तू हातात आली, असेही आता राहिलेले नाही. २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ या यंत्रासाठी काही खेळांच्या डब्यातील कार्डावर खेळच नसतो, केवळ किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो. डब्यावर ते लिहिलेले असते, वाचावे.

ज्यांना घ्यायचे आहे त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातील काही गोष्टी. दर डॉलरमध्ये दिसला तर कार्डावर परदेशी व्यवहार बँकेकडून चालू करून घ्यावा लागतो, आणि काम झाल्यावर तो पुन्हा बंद करावा. जीओजीवर खेळ चालला नाही तर तीस दिवसांत पैसे परत मागता येतात, उतरवून पाहिला असला तरीही. या सवलतीचा दुरुपयोग करू नये. मोठ्या खेळाच्या फाइली अनेक तुकड्यांत येतात. एक तुकडा राहिला तर खेळ बसत नाही, म्हणून मोजून उतरवाव्यात. उतरवल्या म्हणजे झाले असे समजू नये: वायफाय बंद करावे, खेळ दुसऱ्या संगणकावर बसवून पाहावा, उघडला तरच तो आपला. प्रती दोन असाव्यात, आणि दोन ठिकाणी. आपल्याकडे खाडीची दमट हवा आहे, पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते तेथे हार्ड डिस्कने काय करावे? वर्षातून एकदा ती लावून पाहावी. बिलाचा ईमेल पुसू नये.

त्या आठवीतल्या मुलाची आठवण काढल्याशिवाय थांबवत नाही. तो आता मोठा झाला आहे, कॉलेजात जातो. यंदाच्या ईदनंतर तो शाळेत आला. हातात मोबाइल, त्यावर एका खेळाचे पान उघडलेले. म्हणाला, "सर, याला कुलूप आहे का बघा." आम्ही दोघांनी मिळून ते पान वरपासून खालपर्यंत वाचले. त्याने ईदीतले सातशे रुपये घातले, फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या, आणि मी संगणक कक्षाची इंटरनेटची वायर काढून हातात धरून उभा राहिलो. खेळ उघडला. तो हसला नाही, नुसता बघत राहिला, आणि मग पेनड्राइव्ह काढून खिशात टाकून गेला.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास संगणक कक्ष पालकांसाठी उघडा ठेवण्याची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली आहे. कोणता खेळ घ्यावा, त्याला कुलूप आहे की नाही, तो मुलाच्या वयाला योग्य आहे की नाही, हे तेथे बसून पाहता येईल. मुलाला सोबत आणावे. येताना पेनड्राइव्ह रिकामा करून आणावा, मागच्या वेळी तिघांच्या पेनड्राइव्हवर लग्नाचे व्हिडिओ होते आणि अर्धा तास त्यातच गेला.